दुसरी संगणक-भाषा शिकताना : ओळखीच्या ओळीपासून सावध

(मेडशी, ता. मालेगाव, जि. वाशीम येथे पदविका व पदवीच्या विद्यार्थ्यांसमोर आणि त्यांच्या पालकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



इथल्या कार्यकर्त्यांनी मला विषय दिला नव्हता, एक प्रश्न दिला होता. ‘आमच्या मुला-मुलींचं सी झालंय, काहींचं सी प्लस प्लस झालंय. आता कुणी म्हणतं जावा करा, कुणी म्हणतं पायथन करा. मग पुन्हा पहिल्यापासून क्लास लावायचा का?’

प्रश्न तांत्रिक वाटतो. पण ज्यांच्या घरात तो उभा राहतो त्यांना विचारा. अकोल्याला किंवा वाशीमला जायचं तर रोजचं एसटीचं भाडं आलं. क्लासची फी आली. पुण्याला जायचं तर खोलीचं भाडं आणि डबाही आला. मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे परवानगी. अब्बा एका कोर्सला हो म्हणतात. घरातली मोठी माणसं, नात्यातली माणसं ‘आता पुरे’ म्हणत असताना ते हो म्हणतात. तो होकार सहा महिन्यांचा असतो, वर्षाचा असतो. त्या सहा महिन्यांतले तीन महिने ‘व्हेरिएबल म्हणजे काय, लूप म्हणजे काय’ हे दुसऱ्यांदा ऐकण्यात गेले, तर त्या मुलीचं जे नुकसान होतं ते फीच्या पावतीवर दिसत नाही. आपल्या चळवळीत आपण शिक्षणाच्या हक्कावर बोलतो. मिळालेला वेळ कुठे वाया जातो यावरही बोललं पाहिजे, म्हणून मी हा विषय आनंदाने घेतला.

माझं उत्तर आधीच सांगते, म्हणजे ज्यांना शेवटची एसटी गाठायची आहे त्यांनी ते घेऊन जावं. पहिल्यापासून शिकायची गरज नाही. पण ‘एक आली की सगळ्या येतात’ असं जे म्हणतात, त्यांच्याही नादी लागू नका. पहिला सल्ला तुमचे पैसे घालवतो. दुसरा सल्ला नोकरीच्या मुलाखतीत तुम्हाला तोंडघशी पाडतो.

आता हे असं का, ते बघू.

आपल्याकडची वाट साधारण ठरलेली आहे. बारावीला बायफोकलचं संगणकशास्त्र घेतलेल्यांनी वर्षानुवर्षं सी प्लस प्लस केली. तंत्रनिकेतनात राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या गेल्या काही वर्षांच्या अभ्यासक्रमात आधी सी, मग सी प्लस प्लस, मग जावा आणि शेवटच्या वर्षी पायथन अशी चढण होती. म्हणजे या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेकांची पहिली भाषा सी किंवा तिची मुलगी आहे, आणि दुसरी जी येणार ती त्याच घराण्यातली किंवा शेजारची आहे.

हे घराणं कसं तयार झालं ते थोडक्यात सांगते. सी ही भाषा अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बनवली. तिथेच १९७९ पासून बियार्ने स्ट्रूस्ट्रुप या डॅनिश माणसाने तिच्यात भर घालायला सुरुवात केली, तिचं नाव पुढे सी प्लस प्लस झालं. १९९५ ला सन कंपनीची जावा आली. जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा चेहरामोहरा जाणूनबुजून सी प्लस प्लससारखा ठेवला, कारण त्या वेळचे प्रोग्रामर सी प्लस प्लस जाणणारे होते आणि त्यांना परकं वाटू नये अशी इच्छा होती. त्याच १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एक भाषा उभी केली. तिचं नाव आधी वेगळं होतं. जावाचा बोलबाला होता म्हणून वर्ष संपता संपता ते जावास्क्रिप्ट केलं गेलं. कंसही तसेच, अर्धविरामही तसाच. आत मात्र फार वेगळं काही आहे.

मुद्दा लक्षात घ्या. या भाषांमधलं साम्य आपोआप उगवलेलं नाही. माणसं यावीत म्हणून ते ठेवलेलं आहे. दुकानाची पाटी ओळखीच्या अक्षरात लिहावी तसं. पाटी ओळखीची म्हणून आतला मालही ओळखीचा, असं धरून चाललो की फसलो.

यावर अभ्यास झालेला आहे. एथेल त्शुकुडू या बोत्सवानाच्या संशोधक. त्यांनी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात क्विंटिन कट्स यांच्यासोबत, पायथन शिकून जावाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. २०२० साली त्यांनी जे मांडलं ते माझ्या शब्दांत सांगते. दुसरी भाषा शिकणाऱ्याला तीन प्रकारच्या गोष्टी भेटतात. एक, जुनी ओळख : दिसायलाही सारखी, वागायलाही सारखी. दुसरी, तोतया : दिसायला हुबेहूब, वागायला वेगळी. तिसरी, वेश बदललेली मैत्रीण : दिसायला अनोळखी, पण आतून तीच. पहिली आपोआप जमते. दुसरीत विद्यार्थी फसतात, कारण शंकाच येत नाही. तिसरीत ते उगाच घाबरतात आणि आधीच येत असलेली गोष्ट नव्याने पाठ करत बसतात.

आणि हे फक्त विद्यार्थ्यांचं नाही. त्याच वर्षी अमेरिकेत झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, वेगवेगळ्या १८ भाषांच्या प्रोग्रामरनी मदतीसाठी विचारलेले ४५० प्रश्न तपासले गेले. त्यांत २७६ ठिकाणी घोटाळ्याचं मूळ हे होतं की माणसाने आधीच्या भाषेवरून नव्या भाषेबद्दल काहीतरी गृहीत धरलं होतं. पगार घेणारे, अनुभवी लोक. तेव्हा मेडशीच्या मुलीने गोंधळून ‘मी उर्दू माध्यमाची, म्हणून मला जमत नाही’ असं म्हणायचं कारण नाही.

उलट मला वाटतं, या बाबतीत उर्दू माध्यमाची मुलं पुण्याच्या मुलांपेक्षा अनुभवी आहेत. तुमच्या घरात उर्दू किंवा दखनी, बाजारात वऱ्हाडी, सरकारी कागदावर प्रमाण मराठी, मोबाइलवर इंग्रजी. एका जवळच्या भाषेतून दुसऱ्या जवळच्या भाषेत जाणं तुम्ही सात-आठ वर्षांचे असल्यापासून करताय.

आठवून बघा. मराठीत तुम्हाला किती फुकट मिळालं? अर्ज, दाखला, तारीख, वकील, जमीन, हक्क, किंमत. गणिताच्या तासाला तर जमा, वजा, बाकी, हिशेब हे सगळे घरचेच शब्द. या जुन्या ओळखी. पण तोतये? मास्तर म्हणाले ‘खाली बस’, आणि उर्दू घरातलं पोर रिकामी एसटी शोधायला लागलं. (हशा) ‘ऊन’ म्हटलं की तुमच्या डोक्यात लोकर, मराठीत कडक दुपार. ‘ताक’ तुमच्या घरात भिंतीतला कोनाडा, शेजारच्या घरात प्यायचं. या शब्दांनी तुम्हाला फसवलं, कारण ते ओळखीचे दिसले. ‘वाङ्मय’ या शब्दाने तुम्हाला कधी फसवलं नाही. तो पहिल्यापासून परका दिसला, तुम्ही अर्थ विचारला, काम झालं.

वऱ्हाडी मुलांनो, तुम्ही हसू नका. तुम्ही ‘मले’ म्हणता, पुस्तक ‘मला’ म्हणतं. तुम्ही ‘जाऊन राहिलो’ म्हणता, पुस्तक ‘जातो आहे’ म्हणतं. ही वेश बदललेली मैत्रीण. आतून एकच गोष्ट. ज्याला हे कुणी सांगितलं नाही त्याला वाटतं, आपल्याला मराठीच येत नाही.

आणि चौथं एक असतं, जे तुमच्या भाषेत नसतंच. ‘आपण जेवू’ आणि ‘आम्ही जेवू’. उर्दूत दोन्हीला ‘हम’. समोरच्याला ताटावर बसवायचं की नाही, एवढा मोठा फरक मराठी एका शब्दात करते आणि उर्दूत त्याला वेगळी जागा नाही. अशी गोष्ट तुलनेने कळत नाही. ती नव्यानेच शिकावी लागते. वेळ आणि पैसा खर्च करायचाच असेल तर अशा गोष्टींवर करायचा.

आता फळ्याकडे या. संगणकाच्या भाषांमधले तोतये दाखवते. सगळे दाखवणार नाही, जे मला सर्वांत घातक वाटतात ते.

पहिला. सात भागिले दोन. सी मध्ये, सी प्लस प्लसमध्ये, जावामध्ये दोन्ही पूर्णांक असतील तर उत्तर ३. अर्धा गळून पडतो. पायथनमध्ये हीच ओळ लिहिली की ३.५. गंमत अशी की जुन्या पायथनमध्येही उत्तर ३ च यायचं. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आली तिने हे बदललं. म्हणजे कुणी जुनं पुस्तक रद्दीतून आणून अभ्यास करत असेल तर त्याला पुस्तक एक सांगणार आणि यंत्र दुसरं. पायथनमध्ये पूर्णांकी भागाकार हवा असेल तर भागाकाराची तिरपी रेघ दोनदा द्यायची. हे पाच मिनिटांत कळतं आणि बहुतेक क्लासमध्ये सांगतातही.

जे सहसा सांगत नाहीत ते असं : ऋण संख्यांचं काय? उणे सात भागिले दोन. सी आणि जावा शून्याच्या दिशेने कापतात, उत्तर उणे ३. पायथन दोन रेघांनी भागलं की खालच्या दिशेने जातं, उत्तर उणे ४. ‘कोण भागतंय उणे संख्या?’ असं तुम्ही म्हणाल. कॅलेंडर बनवणारा भागतो. रविवार शून्य, सोमवार एक, मंगळवार दोन असे आकडे धरा. आज मंगळवार आहे, दहा दिवसांपूर्वी कोणता वार होता? दोन वजा दहा, उणे आठ. त्याला सातने भागून बाकी काढा. पायथन म्हणते बाकी ६, म्हणजे शनिवार. बरोबर. सी आणि जावा म्हणतात बाकी उणे १. उणे एक नावाचा वार नाही. चिन्ह तेच, टक्क्याचं. आकडे तेच. मग हा उणे एक घेऊन तुम्ही वारांच्या यादीत नाव शोधायला गेलात की जावा निदान ओरडते आणि प्रोग्राम थांबवते. सी ओरडतही नाही. यादीच्या बाहेरच्या जागेत जे काही पडलं असेल ते उचलून देते. पायथनमध्ये उणे एक क्रमांकाचा अर्थच वेगळा : यादीतला शेवटचा. एका लहानशा हिशेबात तीन भाषा तीन स्वभाव दाखवतात.

दुसरा तोतया जास्त खोल आहे आणि यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सी प्लस प्लसवरून जावाला जाणारे इथे बरेच आहेत. फळ्यावर बघा. समजा ‘विद्यार्थी’ नावाचा क्लास आहे. ‘अ’ हा एक विद्यार्थी. मी लिहिते : विद्यार्थी ब बरोबर अ, अर्धविराम. ही ओळ सी प्लस प्लसमध्ये चालते. हीच ओळ, एक अक्षर न बदलता, जावामध्येही चालते. अर्थ?

सी प्लस प्लसमध्ये या ओळीने झेरॉक्स निघते. अ चा कागद वेगळा, ब चा कागद वेगळा. ब वर पत्ता बदलला तर अ वर जुनाच पत्ता राहतो. जावामध्ये झेरॉक्स निघत नाही. रेशन कार्ड एकच, त्याला दोघांनी धरलंय. ब ने पत्ता बदलला की अ कडेही तोच बदललेला पत्ता. पायथनमधल्या यादीचंही असंच : एका यादीला दुसरं नाव दिलं आणि दुसऱ्या नावाने भर घातली, की पहिल्या नावाने बघितलं तरी भर दिसते. यंत्र चूक दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही. तुम्ही मात्र दोन दिवस शोधत बसता की पत्ता कुणी बदलला.

हा फरक ज्याला कळला त्याला अर्धी जावा कळली, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. थोडी अतिशयोक्ती असेल, पण फार नाही.

त्याच फरकातून पुढचा घोटाळा निघतो, जो मुलाखतीत हमखास विचारतात. दोन शब्द सारखे आहेत का, हे तपासायचं. सी प्लस प्लसच्या स्ट्रिंगला दोन बरोबरची चिन्हं लावली की ती अक्षरं तपासते. जावामध्ये तीच दोन चिन्हं लावली की ती विचारते, ‘हे एकच रेशन कार्ड आहे का?’ मजकूर सारखा असलेली दोन कार्डं तिच्या लेखी वेगळी. मजकूर तपासायचा तर ‘इक्वल्स’ ही पद्धत वापरायची. यातला खरा खोडसाळपणा पुढे आहे. तुम्ही प्रोग्राममध्येच दोन ठिकाणी ‘मेडशी’ असा शब्द लिहून तपासलात, तर जावा जागा वाचवण्यासाठी दोन्हींसाठी एकच वस्तू ठेवते आणि उत्तर ‘हो’ येतं. तुम्ही खूश. मग कीबोर्डवरून गावाचं नाव घेतलं, वापरणाऱ्याने ‘मेडशी’च टाकलं, आणि उत्तर ‘नाही’. घरी बरोबर चाललेला प्रोग्राम परीक्षकासमोर पडतो. त्यात नशिबाचा काही संबंध नाही. कार्ड एकच होतं की दोन, एवढाच प्रश्न आहे.

उलट दिशेने येणारेही इथे असतील, पायथन आधी शिकलेले. सीबीएसईच्या मुलांना आता पायथनच असते. त्यांच्यासाठी एक. तेरा फॅक्टोरियल काढा, म्हणजे एक ते तेरा यांचा गुणाकार. पायथन सांगेल ६२२,७०,२०,८००. बरोबर. जावामध्ये ‘इंट’ घेऊन काढा. उत्तर येईल १९३,२०,५३,५०४. साफ चूक, आणि एकही सूचना नाही. जावाच्या ‘इंट’ची वरची मर्यादा २१४,७४,८३,६४७ आहे, मापटं भरलं की वरचं सांडतं आणि आत जे उरतं ते ती उत्तर म्हणून देते. पायथनचं मापटं लागेल तसं वाढतं. पायथनच्या विद्यार्थ्याला मर्यादा हा विचारच माहीत नसतो, जसा उर्दूवाल्याला ‘आपण-आम्ही’ माहीत नसतं. म्हणून त्याने जावाकडे जाताना डेटा टाइपवर आठवडाभर द्यावा. सी कडून जाणाऱ्याने त्यावर एक संध्याकाळही देऊ नये.

जावास्क्रिप्टचा एकच किस्सा सांगून पुढे जाते. तिला १०, ९ आणि १ हे आकडे देऊन चढत्या क्रमाने लावायला सांगा. ती लावते : १, १०, ९. कारण वेगळं काही सांगितलं नाही तर ती आकड्यांना शब्दांसारखी लावते, शब्दकोशात लावतात तसं. (हशा) हसा, पण यावर कुणाचा तरी पगाराचा तक्ता उलटासुलटा झालेला असू शकतो.

आता वेश बदललेल्या मैत्रिणी. यांच्याबद्दल मी घाईत बोलणार आहे, कारण त्या त्रास देत नाहीत, फक्त घाबरवतात. सी मधले महिरपी कंस पायथनमध्ये दिसत नाहीत. तिथे ओळ आत सरकवली की तोच कंस. सी प्लस प्लसमधला ‘मॅप’, जावातला ‘हॅशमॅप’, पायथनमधली ‘डिक्शनरी’ : तिन्हींचं काम एकच, नाव दिलं की माहिती काढून देणं, किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं. आतली बांधणी वेगळी असेल, वापरणाऱ्याला फरक पडत नाही. सी प्लस प्लसमधला ‘धिस’ आणि पायथनमधला ‘सेल्फ’, या सख्ख्या बहिणी. ज्याने एक नीट केलं त्याने दुसऱ्याचं पान वाचावं आणि उलटावं.

इथे एक नाव घेते. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी हा गणिती होऊन गेला. भारतीय अंकांनी हिशेब कसा करायचा यावर त्याने ग्रंथ लिहिला, बाराव्या शतकात तो लॅटिनमध्ये गेला, आणि त्याच्या नावाच्या लॅटिन उच्चारावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला. आपल्या सभांमध्ये हे नाव टाळ्यांसाठी घेतलं जातं. टाळ्यांनी कुणाचा प्रोग्राम चालत नाही. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. भारतातली रीत अरबीत गेली, अरबीतून लॅटिनमध्ये गेली. दर वेळी भाषा बदलली, लिपी बदलली, लिहिण्याची दिशाही बदलली. रीत टिकली. तुम्ही सी मध्ये याद्या क्रमवार लावायला शिकलात, नाव शोधायला शिकलात, मोठं काम लहान फंक्शनमध्ये तोडायला शिकलात. ती रीत तुमची झाली. क्लासवाला ती तुम्हाला दुसऱ्यांदा विकतो तेव्हा विचारा, की बाबा, यातलं नवीन किती?

मग प्रत्यक्षात काय करायचं?

मी विद्यार्थ्यांना शंभर पानी वही घ्यायला सांगते. डाव्या पानावर जुनी भाषा, उजव्या पानावर नवी. जुन्या भाषेत तुम्ही स्वतः लिहिलेले आठ-दहा प्रोग्राम निवडायचे, पुस्तकातले नकोत. गुणपत्रिका, वीजबिल, याद्या लावणं, फाइल वाचून तिच्यातले शब्द मोजणं, असे. ते एकेक नव्या भाषेत लिहायचे. आता सर्वांत महत्त्वाचं : प्रोग्राम चालवण्याआधी प्रत्येक ओळीचं उत्तर काय येईल ते पेन्सिलीने वहीत लिहायचं. मग चालवायचं. जिथे तुमचा अंदाज आणि यंत्राचं उत्तर जुळत नाही, तिथे लाल खूण. महिनाभरात त्या वहीत ज्या लाल खुणा होतील, तेवढीच तुमच्यासाठी नवी भाषा आहे. बाकीची तुम्हाला आधीच येत होती.

लक्षात आलं का, की यात तपासायचं ते ओळखीचं दिसणारंच? अनोळखी गोष्ट माणूस आपोआप तपासतो. आपल्या चळवळीचा आग्रह वेगळा कुठे आहे? पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडलं म्हणून खरं धरू नका, पडताळून बघा, एवढंच आपण म्हणत आलो. संविधानाने वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहून ठेवलंय. ते पाळायला प्रयोगशाळा लागतेच असं नाही. पेन्सिल आणि वही पुरते.

लॅपटॉप नसेल तर? मोबाइलच्या ब्राउझरमध्ये सी, जावा, पायथन तिन्ही चालवता येतात. टंकायला त्रास होतो, मान्य आहे, पण वीस-तीस ओळींचे प्रोग्राम होतात. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ या प्रकल्पाने प्रोग्रामिंगचे छोटे छोटे पाठ तयार केलेत, मराठी आवाजातही आहेत, पैसे लागत नाहीत. थोडं बघायचं, थांबवायचं, शेजारी करून बघायचं, मग पुढे, अशा पद्धतीने ते बांधलेत. घराबाहेर पडायची अडचण असलेल्या मुलींना त्यांचा उपयोग होतो. पण पालकांनो, हे ऐकून ‘मग घरीच शिक, बाहेर कशाला’ असं म्हणू नका. प्रोग्राम अडला की दुसऱ्याच्या खांद्यावरून बघणारी नजर लागते. चार मुलींनी आठवड्यातून दोनदा एका ठिकाणी बसणं हा अभ्यासाचा भाग आहे, फिरणं नाही.

आणि ते हल्ली मोबाइलवर मागितलं की प्रोग्राम लिहून देणारं साधन. वापरा, मी मनाई करणार नाही. सी चा प्रोग्राम द्या, ते जावात करून देईल, आणि तो बघायला छानच असेल. पण वर सांगितलेले तोतये तुम्हाला ओळखता येत नसतील, तर त्याने झेरॉक्सच्या जागी एकच कार्ड ठेवलंय की नाही हे तुम्हाला कसं कळणार? लिहिणं त्याच्यावर सोपवलं तरी वाचणं तुमच्याकडेच राहतं.

मघाशी एका पालकांनी चिठ्ठी पाठवली आहे : ‘जावा करावी की पायथन, एकच सांगा.’ चाचा, ज्याचं सी प्लस प्लस पक्कं आहे आणि ज्याला लवकर नोकरी हवी आहे, त्याने आसपास ज्या कंपन्या भरती करतात त्यांच्या जाहिराती आधी वाचाव्यात. त्यांत जे लिहिलंय ते करावं. ज्याला अजून दोन-तीन वर्षं शिकायचं आहे त्याने मला विचारलं तर मी जावा आधी सांगेन. तिचा चेहरा सी प्लस प्लससारखा आणि स्वभाव वेगळा. ती करताना तोतये ओळखायची सवय लागते, आणि मग पायथनला महिना पुरतो. माझ्या ओळखीचे काही शिक्षक याच्या बरोबर उलटं सांगतील. त्यांच्याही म्हणण्यात तथ्य आहे : पायथनमध्ये पहिल्याच आठवड्यात काहीतरी उपयोगाचं हाती लागतं, आणि घरच्यांना ते दाखवता येतं. परवानगी टिकवायची असेल तर तेही लहान कारण नाही.

दुसरी चिठ्ठी एका मुलीची आहे. तिने नाव लिहिलेलं नाही. ‘माझं सी अर्धवट राहिलं, पॉइंटरपर्यंत आले आणि सोडलं. मी दुसरी भाषा घेऊ शकते का?’ घेऊ शकतेस. लूप, फंक्शन, अ‍ॅरे हे तुझं तुला न बघता लिहिता येत असेल तर आजच घे. येत नसेल तर आधी पंधरा दिवस तेवढंच कर. पॉइंटर राहिले म्हणून थांबू नकोस. आणि एक सांगते : जावामध्ये दोघांनी एकच कार्ड धरलेलं असतं हे नीट कळलं, की पॉइंटरकडे परत ये. तो तितका परका वाटणार नाही. कारण कार्ड कुठे ठेवलंय तो पत्ता म्हणजेच पॉइंटर.

बास. मागच्या टेबलावर दोन लॅपटॉप लावून ठेवलेत. डावीकडच्यावर सी प्लस प्लस आणि जावा आहे, उजवीकडच्यावर पायथन. दोन्हींवर वारांचा तो हिशेब अर्धा लिहिलेला आहे, दहा दिवसांपूर्वीचा वार काढणारा. सी प्लस प्लस आणि जावामध्येही शनिवारच यायला हवा, आणि त्यासाठी त्या ओळीत थोडीच भर घालावी लागते. काय भर घालायची ते मी सांगणार नाही. कागदावर उत्तर लिहा, मग या. आधी मुलींनी या, त्यांना लवकर घरी जायचं असतं.